एकाच पानाचा मान

आमच्या नागपूरच्या सदरमधल्या जनता मनोरंजन मंडळात पियानो कसा आला, असं नवीन माणूस हमेशा विचारते. तो आला नाही, तो राहून गेला. इंग्रज गेले तवा इथल्या त्यायच्या क्लबातलं बिलियर्डचं टेबल कोणाच्या घरी गेलं, चांदीचे कप कोणाच्या शोकेसमध्ये गेले, हे साऱ्यायले माहीत आहे, पण कोणी बोलत नाही. पियानो तेवढा कोणाच्या दारातून आत घुसला नाही, म्हणून वाचला. मंग 'फक्त सभासदांसाठी' ही पाटी काढून तिथं 'जनता' ही पाटी लावली, अन् आतमध्ये पुन्हा सभासदच बसले.

मी भैय्याजी. मंगळवारी नावाच्या बाजारात माह्यं लाउडस्पीकरचं दुकान होतं. मंडळाचा कोणताही कार्यक्रम असो, भोंगे माहे, माइक माहा, गर्मीत कूलर बी माहाच. सभेत कोणाचं बोलणं लोकायले ऐकू जाईन अन् कोणाचं नाही, हे एका बटनावर राहते, अन् ते बटन माह्या बोटाखाली. त्याच्यानं मले आयुष्यात कधी कंटाळा म्हणून आला नाही.

मंडळाचे अध्यक्ष होते चंपतराव. तहसील कचेरीत बडे बाबू होते, तिथून रिटायर झाले अन् इथं अध्यक्ष झाले. माणूस वाईट नव्हता, फक्त स्टेज दिसलं की त्यायच्या पायाले खाज सुटे. मंडळात जादूचे प्रयोग झाले तवा जादूगाराच्या बाजूले त्यायची खुर्ची. पोट्ट्यायनं ऐतिहासिक नाटक केलं, तं दरबारात राजाच्या सिंहासनाच्या बाजूले हे कोट घालून बसलेले, अध्यक्ष म्हणून. सेनापती दोन वेळा चुकून ह्यायलेच मुजरा करून गेला, अन् ह्यायनं तो घेतला.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची, अन् ती आहे प्रेमिलाची. प्रेमिला म्हणजे मंडळाचा चौकीदार ताराचंद, त्याची पोट्टी. मंडळाच्या मागंच त्याची दोन खोल्यायची जागा. छप्पन साली दीक्षा झाली तवा ताराचंद मिसरूड फुटलेला पोट्टा होता, पांढरे कपडे घालून त्या गर्दीत उभा होता. तवापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की, की आपल्या घरातलं लेकरू शिकन. काय शिकन हे त्यानं ठरवलं नव्हतं. ते पियानोनं ठरवलं. पोट्टी लहानपणी पियानोची धूळ पुसायले आत जाय, पुसता पुसता दाबून पाहे. तिथं सिंधूताई म्हणून एक बाई संध्याकाळी येत. ख्रिस्ती बाई, मिशनच्या शाळेत पियानो शिकवून रिटायर झालेल्या. घरी पियानो नव्हता म्हणून हात मोकळे करायले मंडळात येत. त्यायनं या पोट्टीले बाजूले बसवलं, अन् नऊ-दहा वर्षं बसवूनच ठेवलं.

त्या साली मुंबईच्या एका मोठ्या संगीतशाळेची जाहिरात पेपरात आली. त्यायचा परीक्षक गावोगाव जाऊन पोट्ट्यायचा पियानो ऐकणार होता. ज्याचा नंबर लागन त्याले फी माफ, राहणं-जेवण फुकट. वयाची अट अठराच्या आतली, अन् प्रेमिलाले पुढच्या साली अठरा पूर्ण होऊन राहिले होते. म्हणजे यंदा नाही तं कधीच नाही. तिकडे पारशिवनीवाल्या तिच्या मामानं एक पोट्टा पाहून ठेवला होता. तिची माय प्रयागबाई मले म्हणे, "मे महिन्यात नंबर नाही लागला तं जूनमध्ये तुमचेच भोंगे सांगू, भैय्याजी." मले धंदा सुटला तरी चालन असं वाटणारी ती पहिलीच ऑर्डर.

परीक्षेत दोन चिजा वाजवायच्या होत्या. एक शाळेनं ठरवून दिलेली, सगळ्यायले सारखीच. अन् दुसरी आपल्या पसंतीची. सिंधूतायचं म्हणणं असं, की पहिली सगळेच नीट वाजवतात, नंबर लागते तो दुसरीवर.

आता पसंती कोणाची? पोट्टीची, असं तुमाले वाटन. पण पियानो मंडळाचा, परीक्षा व्हायची तो हॉल मंडळाचा, पियानोची किल्ली चंपतरावच्या खिशात. म्हणून कार्यकारिणीची सभा बसली. विषय क्रमांक एक, उमेदवारानं काय वाजवावं. पाच माणसायची सभा, पण चंपतरावले माइक लागे, म्हणून मी बी हजर.

सिंधूतायनं दोन चिजा आणल्या होत्या. एक म्हणजे जाडजूड पुस्तक, एका जर्मन माणसाचा सोनाटा, म्हणजे लांबलचक चीज. बाकीचे कॉन्व्हेंटवाले पोट्टे असंच काहीतरी वाजवतील, हे दाखवायले आणलेलं. दुसरा फक्त एक सुटा कागद, पुढून-मागून छापलेला. पोलंडच्या कोण्या माणसानं लिहिलेली हळू चालीची छोटी चीज. त्या म्हणाल्या, प्रेमिलानं ही वाजवावी. परीक्षकाले दिवसभर घोडे दौडलेले ऐकायचे आहेत. त्याच्यात ही एक पोरगी हळू चालत आली तं तो मान वर करन.

मंडळाचे खजिनदार वामनराव. त्यायनं पुस्तक एका हातात घेतलं, कागद दुसऱ्या हातात, अन् भाजीबाजारात उभं असल्यासारखे दोन्ही हात खाली-वर केले. मंग पुस्तक उघडून म्हणाले, याच्यात पानं अगदी काळीभोर आहेत, सुईले जागा नाही. त्या कागदावर तं अर्धी जागा रिकामी. मुंबईच्या माणसाले रिकामी जागा दाखवायची म्हणजे नागपूरची इज्जत काय राहिली?

चंपतराव मात्र वेगळ्याच विचारात होते. कचेरीच्या सवयीनं ते सभेत अन् बाहेर बी शुद्धच बोलत. त्यायनं विचारलं, "सिंधूताई, वाजवणाऱ्याच्या बाजूला एक माणूस उभा राहून पानं पलटवतो, बरोबर? मी सिनेमाच्या आधीच्या बातम्यांमध्ये पाहिलं आहे."

सिंधूताई म्हणाल्या, असतो कधी कधी.

"तो माणूस स्टेजवरच असतो?"

"आता पियानो स्टेजवर असेल तर तोही तिथंच असणार."

चंपतरावनं चष्मा काढून पुसला. मंग विचारलं, जाड पुस्तकात किती वेळा पलटवावं लागते. सिंधूताई म्हणाल्या, वीसेक वेळा. अन् त्या कागदात? एकदाच.

झालं. ठराव एकमतानं पास. उमेदवार जाड सोनाटा वाजवन, अन् पानं पलटवायची जबाबदारी मंडळाच्या वतीनं अध्यक्ष स्वतः घेईन. सिंधूतायनं काही बोलायले तोंड उघडलं, पण माइक अध्यक्षाजवळ होता. अन् मी तवा बेसावध होतो.

मंग तालीम सुरू झाली. मी भोंग्याची वायर दुरुस्त करायच्या नावानं रोज जाऊन पाहत होतो, तमाशा फुकट होता. प्रेमिला चांगली वाजवे, पण शेवटचा भाग आला की दोन्ही हात एकमेकात अडकत. दुपारच्या बर्डीवरच्या ट्राफिकसारखं, कोणी मागं हटायले तयार नाही. तिच्या कोपराशी चंपतराव उभे. बडे बाबूची सवय, प्रत्येक पानाले अंगठ्याले थुका लावायचा. जिथं पलटवायचं त्याच्या आधी पलटवत, नाही तं पान संपून पोट्टी भिंतीकडे पाहून वाजवत राहे, तवा ह्यायचा अंगठा जिभेवरच. विसाव्या पानापर्यंत छपाईच्या शाईनं जीभ काळी होऊन जाय. एक डाव दोन पानं एकदम पलटली अन् प्रेमिला थांबली, तं हे तिलेच म्हणाले, "लक्ष कुठे आहे तुझं?"

ताराचंद दाराशी उभा राहून हे सारं पाहे अन् पुन्हा बाहेर तोंड करे. त्याची नोकरी त्या दाराशीच होती.

एक दिवस प्रेमिला माह्या दुकानावर आली. मी एका भोंग्याच्या पोटात हात घालून बसलो होतो. ती फळीले टेकून उभी राहिली.

"काका, तुमी लोकायची खोड काढता ना?"

"कोण म्हणते?"

"सारं सदर म्हणते."

"मंग खरं असन. कायले विचारून राहिली?"

"एक माह्यासाठी काढा."

मी भोंग्यातून हात बाहेर काढला. पोट्टी रडत नव्हती, चिडली बी नव्हती. दुकानात येऊन माणूस जसं दोन भोंगे अन् एक माइक सांगते, तसं सांगून राहिली होती. मी म्हटलं, चंपतरावले सरळ जाऊन सांग, का मले छोटी चीज वाजवायची आहे.

"बाबा म्हणते, साहेबाले नाही म्हणू नको. किल्ली त्यायच्याजवळ आहे. किल्ली गेली तं मी पाटावर बोटं आपटू काय?"

"अन् तो मोठा सोनाटा तुले जमणारच नाही काय वं?"

"दोन वर्षांनं जमन. काका, मोठा वाजवताना मी पियानोले भिते. छोटा वाजवताना तो मले काहीच करत नाही." मंग थोडं थांबून म्हणे, "पारशिवनीचा तो पोट्टा चांगला आहे म्हणते. ट्रॅक्टर आहे त्याच्याजवळ. पण पियानो नाही."

मी म्हटलं जा घरी, अन् छोटीवर हात ठेव.

आता चंपतरावले 'असं करू नका' म्हटलं असतं तं त्यायनं दोन ठराव अजून पास केले असते. माणसाले ज्या गोष्टीची हौस आहे, ती त्याच्या हातून काढायची नसते. तिचा भाव वाढवायचा असते. मी संध्याकाळी त्यायच्या घरी गेलो. अंगणात पाणी मारलेलं होतं, चंपतराव बनियनवर आरामखुर्चीत, हातात पंखा. मी अगोदर अभिनंदन केलं. सारं सदर तुमच्या पलटवण्याची वाट पाहून राहिलं, असं बी म्हटलं. मंग तोंड बारीक करून बसून राहिलो.

ते म्हणाले, "काय रे भैय्याजी, पोटात दुखतंय का?"

"नाही साहेब. एक गोष्ट डोक्यात येऊन राहिली, पण लहान तोंडी कशी बोलू."

"बोल, बोल."

"कचेरीत कलेक्टर साहेब दिवसभरात किती कागद पलटवत?"

ते हसले. "कलेक्टर कशाला पलटवेल? फाइल आम्ही उघडून समोर ठेवत होतो. तो एक सही करायचा, की झालं."

"हाव ना. मंग सगळ्यात जास्त कागद कोण पलटवे?"

"लहानू. नकला करायचा तो. दिवसभर तेच काम."

चंपतरावचा पंखा चालू होता. मंग हळू झाला. मंग थांबला.

मी म्हटलं, "आता मुंबईचा साहेब समोर बसलेला राहीन. तो पाहीन का एक माणूस घाम पुसत, अंगठा चाटत, वीस वीस पानं पलटवून राहिला. तो काय समजन? हा अध्यक्ष आहे, का लहानू?"

"तुले कोणी सांगतलं हे?" चंपतरावचं शुद्ध बोलणं सुटलं, तवाच मी समजलो का मासा गळाले लागला.

"भोंगेवाल्याले सारं ऐकू येते, साहेब. मुंबईले जो खरा मोठा माणूस असते, तो एकच पान पलटवते. त्या एकासाठी लोक येतात. बाकीचे वीस-वीसवाले किती आले अन् किती गेले, कोण्या पोट्ट्याले नाव माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा. विषय क्रमांक एक, फेरविचार. चंपतराव माइकवर म्हणाले, की कला ही पानांच्या संख्येवर मोजायची गोष्ट नाही, हे आपण खूप दिवसांपासून सांगत आलो आहोत, पण काही सभासदांना जाड पुस्तकांचा मोह आवरत नाही. वामनराव खाली पाहून राहिले. तो ठराव बी एकमतानं पास झाला. सिंधूताई पदर तोंडाले लावून खोकत बाहेर गेल्या अन् बराच वेळ खोकत राहिल्या.

इथं माहं काम खरं म्हणजे संपलं होतं. पण हातातोंडाशी आलेली मजा मले सोडवत नाही. मी अध्यक्षायले म्हटलं, एकच पान आहे, तं ते मुंबईच्या पद्धतीनं पलटलं पाहिजे. थुका बंद. चाल सुरू झाली का डोळे मिटून बसायचं. कागद खालपर्यंत आला, प्रेमिला तिथं जराशी थांबते, तवा सावकाश उठायचं. कोटाचं बटन लावायचं. रुमाल काढून दोन्ही हात पुसायचे, रुमालाची घडी घालून खिशात ठेवायची. मंग पान दोन बोटांत धरायचं, पलटवायचं, क्षणभर त्याच्याकडे पाहायचं, बटन काढायचं अन् बसायचं. हे सारं मी दुकानात बसून बनवलं होतं, मुंबईच्या बापाले बी माहीत नसन.

आठ दिवसांनं त्यायची बायको रंभाबाई मले बाजारात भेटली. मेथी निवडत म्हणाली, "भैय्याजी, काय भरवून दिलं तुमी ह्यायच्या डोक्यात? पेपर वाचाले बसतात तं पान पलटवाले उभे होतात. काल जेवणाच्या ताटावरून उठले, हात पुसले, बटन लावलं, अन् कॅलेंडर पलटवलं. अजून महिना संपाचा आहे."

प्रेमिलाले तं कागदाची गरजच नव्हती. तिले ती चीज केव्हाचीच पाठ होती. पण हे अध्यक्षाले सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

परीक्षेचा दिवस उजाडला तो मे महिन्यातला. नागपूरचा मे म्हणजे सकाळी आठ वाजता कावळा बी सावली शोधते. मंडळानं परीक्षेचा पुरा कार्यक्रम करून टाकला होता. दारावर आंब्याचं तोरण, मागं कापडी बॅनर, अन् स्टेजच्या बाजूले फळ्यावर वामनरावच्या अक्षरात लिहिलं होतं: निवड, मा. अध्यक्ष. पान पलटवणे, मा. अध्यक्ष. वादन, कु. प्रेमिला. मा. अध्यक्ष स्वतः लग्नातला काळा लोकरी सूट घालून आले होते. गळ्याजवळ तो बसला होता, पोटाजवळ बसायचं नाव घेत नव्हता. आल्या आल्या त्यायनं मले हुकूम दिला, कूलरचं तोंड पियानोकडे कर, माह्या अंगावर हवा आली पाहिजे.

माहा कूलर म्हणजे पत्र्याचं कपाट. तीन बाजूनं वाळ्याच्या ताट्या, आत पंखा, खाली पाण्याची टाकी. हवा जबरदस्त, पण आवाज असा का टेम्पो अंगणात चालू ठेवला असं वाटे.

मुंबईचे परीक्षक आले. बारीकसा माणूस, टाय लावलेला, हातात पेन्सिल. त्यायनं हार नाकारला, स्वागतपर भाषण नाकारलं अन् पहिला हुकूम केला का कूलर बंद. बाकीचे चार पोट्टे अगोदर वाजवून गेले. चौघायनं बी जाड पुस्तकं काढली, चौघायचे बी घोडे सुटले. थोडं ऐकलं का परीक्षक टेबलावर पेन्सिल वाजवत, म्हणजे पुरे, जा. चौथ्याच्या वेळेपर्यंत साहेबाच्या टायमधून पाणी गळून राहिलं होतं. त्यायनं हात वर केला अन् मोडक्या हिंदीत म्हणाले, वो चालू करो, नाही तो मैं मर जाऊंगा.

मी कूलर चालू केला. प्रेमिला आली.

निळं पातळ नेसून आली होती, प्रयागबाईचं असन. ठरवून दिलेली चीज तिनं नीट वाजवली. साहेबानं कागदावर काहीतरी टीप केली, मान वर न करता. मंग वामनरावनं माइकवर अध्यक्षाचं नाव घेतलं, चंपतराव जाऊन खुर्चीवर बसले, कागदाची एक कड चिमट्यानं पियानोवर अडकवली अन् डोळे मिटले.

ती चीज कशी होती हे मले सांगता येत नाही. मी भोंग्याचा माणूस. पण उन्हाळ्यात दुपारी सारं सदर झोपलेलं असते, रस्त्यावर कुत्रं बी नाही, अन् दूरून एक सायकलवाला एकटाच पायडल मारत येऊन राहिला, घाई नाही, पोहोचायचं बी नाही, तसं काहीतरी होतं. डावा हात तेच ते करत राहे, अन् थोडंसंच बदले. साहेबाची पेन्सिल टेबलाच्या वर थांबून होती. खालीही येत नव्हती, बाजूलेही ठेवून राहिले नव्हते.

मंग ती थांबायची जागा आली. सिंधूतायच्या हिशोबानं तिथं एक श्वास थांबायचं. प्रेमिलानं हात वर उचलले.

चंपतराव उठले. सावकाश. बटन लावलं. पोटाजवळ ते लागेना, तं पोट आत घेऊन लावलं. रुमाल काढला. एक हात पुसला. दुसरा पुसला. रुमालाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, खिशात ठेवला. मी कूलरजवळ उभा राहून पाहून राहिलो होतो, माह्याच दुकानात बनवलेला माल. माणूस एक बी गोष्ट विसरून नव्हता राहिला, अन् मले पहिल्यांदा वाटलं का थोडं कमी शिकवलं असतं तं बरं झालं असतं.

त्यायनं दोन बोटांनी पान धरलं अन् पलटवलं. कूलरच्या हवेनं ते परत आलं.

पुन्हा पलटवलं. पुन्हा परत आलं.

प्रेमिलाचे हात तसेच वर, मान खाली. तिले कागद लागत नव्हता, ती पुढं जाऊ शकत होती, पण जाऊन नव्हती राहिली. तिचे खांदे थरथरून राहिले होते. दाराशी ताराचंदनं डोळे मिटून घेतले. सिंधूतायनं दोन्ही हात जोडून छातीशी धरले, त्या कोणाले मागून राहिल्या होत्या ते त्यायलेच माहीत. चंपतरावनं तिसऱ्यांदा पान पाहिलं, पानानं चंपतरावले पाहिलं. मंग तीस वर्षांची नोकरी वर आली. अंगठा जिभेवर गेला.

साहेबाची पेन्सिल हलली. आता वाजते, मी म्हटलं, आता ही पोट्टी गेली पारशिवनीले.

मी कूलरची पिन उपटून टाकली.

कूलर किती आवाज करते हे तो चालू असताना समजत नाही. तो कण्हला, त्याचं पातं दोन-चार वेळा गरगरलं, टाकीत पाण्याचा एक थेंब पडला, अन् सारा हॉल असा चिडीचूप झाला का मले माह्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. पान जिथं पलटलं तिथंच राहिलं. चंपतरावनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, बटन काढलं अन् बसले.

अन् त्या शांततेत प्रेमिलानं एक सूर लावला. एकच, अगदी हळू. मंग बाकीची चीज संपली तवा साहेबाची पेन्सिल टेबलावर आडवी पडलेली होती.

ते खुर्ची सरकवून उठले. मंग इंग्रजीत बोलले अन् वामनरावनं सांगितलं का साहेब विचारते, हा मधला थांबा कोणी शिकवला. मोठ्या मोठ्या वादकायले तेवढा वेळ गप्प बसायची हिंमत होत नाही, अन् ही पोरगी बसली. तिचे खांदे कापत होते, पण तिनं घाई केली नाही. ते म्हणाले, त्या शांततेत त्यायले बाहेरचा आवाज बी बंद झाल्यासारखा वाटला.

सिंधूताई बोलायले उठल्या, पण त्यायच्या अगोदर चंपतराव उभे झाले होते. बटन लावून.

"मी," ते म्हणाले. "मंडळाचं मार्गदर्शन होतं."

साहेबानं त्यायचा हात हातात घेऊन हलवला. तोच अंगठा.

प्रेमिला तोवर मागच्या दारानं निघून गेली होती. मले वाटलं रडायले गेली. मी मागं गेलो, तं ती पाण्याच्या ड्रमाजवळ उकिडवी बसून, पदराचा बोळा तोंडात कोंबून हसून राहिली होती. डोळ्यातून पाणी, श्वास लागे ना.

"काका," ती म्हणे, "त्यायनं अंगठ्याले थुका लावला ना, तवा मी गेलीच होती."

"मंग पुढं वाजवलं काहून नाही वं? माहा जीव गेला असता तिथं."

"बोट लावलं असतं तं मोठ्यानंच हसली असती. दाबून बसली होती. तुमी कूलर बंद केला, मी घाबरली. घाबरली म्हणून हसू गेलं. हसू गेलं तवा वाजवलं."

तीन आठवड्यांनं मुंबईची तार आली. ताराचंदनं ती मले दोनदा वाचायले लावली, माइकवर नाही, हळूच. पारशिवनीच्या मामाले निरोप गेला. लग्नाच्या भोंग्याची ऑर्डर माह्या हातची गेली, अन् त्या खुशीत मी प्रयागबाईच्या हातचं जेवून आलो. मंडळानं मात्र सत्कार ठेवला, चंपतरावचा. भोंगे माहेच होते. भाषण लांबलं तवा मी माइक बंद केला, पण खरं सांगतो, त्या दिवशी लोकायनं तसंच ऐकून घेतलं.

दिवाळीत प्रेमिला सुटीवर आली. दुकानावर आली, फळीले टेकून उभी राहिली, तशीच. म्हणे तिकडे ते परीक्षक साहेबच शिकवतात. दर वर्गात तिले उभं करून तो थांबा दाखवायले लावतात. बाकी पोट्टे-पोट्ट्या करून पाहतात, पण कोणाले जमत नाही. आता तिले स्वतःले बी नीट जमत नाही. साहेब म्हणतात, त्याच्यात काहीतरी कमी पडते, पण काय ते त्यायलेही सांगता येत नाही.

"काय कमी पडते?" मी विचारलं.

"कूलर," ती म्हणे.

तेवढ्यात रस्त्यानं चंपतराव चालले होते. थंडी सुरू झाली होती, सूट आता बरोबर होता. पोट्टीले पाहून ते थांबले. तिनं नमस्कार केला. त्यायनं तब्येत विचारली, मुंबईची हवा विचारली, तो थांबा आता जमत नाही हे तिच्याकडून ऐकून घेतलं, मंग जे खरं विचारायचं होतं ते विचारलं, "पोरी, तिकडे तुझी पानं कोण पलटवतं?"

"कोणीच नाही, साहेब. तिकडे सारं पाठच करावं लागते."

चंपतरावनं हळहळून मान हलवली. पोट्टीची त्यायले मनापासून कीव आली होती.

"म्हणूनच," ते म्हणाले, अन् कोटाचं बटन लावून पुढं निघून गेले.